शेवटची रांग

१

फोटो कापलेला होता. फाटला नव्हता, वाळवीने खाल्ला नव्हता, कापलेला होता. उजव्या कडेची चार बोटं रुंदीची पट्टी वरपासून खालपर्यंत गेली होती. आणि कापणाऱ्याने चौकट पुन्हा बंद करून, काच पुसून, ती जिथल्या तिथे टांगली होती.

माझं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं, आता माझं. त्यामुळे शाळेपासून मला सगळे 'चौकट' म्हणतात. वर्गात एकीला 'ढेकूळ' म्हणायचे, तेव्हा माझी काही तक्रार नाही. लोक माझ्याकडे मोडक्या चौकटी घेऊन येतात आणि बोलता बोलता घरातली भांडणंही टेबलावर ठेवून जातात. त्यातली दोन-चार मी सोडवली, आणि तेव्हापासून गावात कुणाचं काही हरवलं की "चौकटला विचारा" असं सुरू झालं.

त्या सकाळी मैत्रिणीचा फोन आला. "आहेस तशी ये. बाबांचा फोटो कुणीतरी कापलाय, आणि दादा चार वाजता पोलीस चौकीत जायचं म्हणतोय."

तिचे बाबा म्हणजे मास्तर. गावच्या बँडचे चाळीस वर्षं बँडमास्तर. आता ऐंशीचे. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ तेवढी हळूहळू सुटली. बँडला शंभर वर्षं झाली म्हणून टाउन हॉलमध्ये उद्या प्रदर्शन उघडणार होतं, आणि त्यात हा फोटो दरवाजाएवढा मोठा करून मधोमध लावायचा होता. सकाळी न्यायला माणूस आला, त्याने फोटो खाली उतरवून उजेडात धरला आणि विचारलं, "हा असाच आहे का हो?"

असाच कसला! अडतीस वर्षांपूर्वी गावात नळाचं पाणी आलं, त्या दिवशीचं संचलन होतं ते. शाळेच्या मैदानात बँडच्या चार-चारच्या रांगा डावीकडे चाललेल्या. सगळ्यांच्या पुढे हातात दांडा घेतलेले मास्तर. मागे शाळेच्या पायऱ्या, पायऱ्यांवर ही गर्दी, आणि वरच्या पायरीवर टोपी हलवणारा मास्तरांचा धाकटा भाऊ. त्यांना गावात सगळे 'साहेब' म्हणतात. पट्टीबरोबर गेली होती ती बँडची शेवटची रांग. चार माणसं.

"त्या रांगेत कोण कोण होतं?" मी विचारलं.

"वाजवणारे. दुसरं कोण असणार?" दादा म्हणाला. दादा मैत्रिणीचा मोठा भाऊ. शाळेत मुख्याध्यापक, आणि घरीही. "कोण होतं ते सोड. कुणी कापलं ते मला माहितीय. सिस्टरने."

सिस्टर म्हणजे मास्तरांना सांभाळणारी नर्स. वर्षभर त्यांचं सगळं अंथरुणातलं करत होती, आणि आजवर या घरात कुणी तिच्याबद्दल वाकडा शब्द बोललं नव्हतं.

"तिचं काय वाकडं केलंय या फोटोने?"

दादाने आवाज खाली आणला. "परवा तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं ती कोण आहे ते. त्या व्हॉल्व्हमनची मुलगी. ज्याने आमच्या मामाला मारलं, त्याची."

२

मामाची गोष्ट आमच्या गावात कुणाला सांगावी लागत नाही. पण तुम्हाला सांगते.

मामा म्हणजे मैत्रिणीच्या आईचा, मी त्यांना काकू म्हणते, त्यांचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा, रंगारी. त्या सकाळी तो टेकडीवरच्या नव्या कोऱ्या टाकीच्या आत शिडीवर उभा राहून पाण्याच्या पातळीचे आकडे रंगवत होता. शेवटचे दोन राहिले होते. सव्वानऊला खाली व्हॉल्व्ह उघडला गेला आणि पाण्याच्या लोटाने त्याला शिडीवरून ओढून नेलं. बँडसकट सगळ्या गावाला ते दुपारी कळलं.

व्हॉल्व्हमन रडत सांगत होता, की साहेब स्वतः टेकडीवर आले आणि उघड म्हणाले, म्हणून मी उघडला. साहेब तेव्हा पाणीपुरवठ्यात नवे इंजिनिअर होते. ते म्हणाले, मी तर नऊपासून शाळेच्या पायऱ्यांवर होतो. टेकडीपासून शाळेपर्यंत सायकलने अर्धा तास. पायऱ्यांवर दोनशे माणसं, कोण कधी आलं हे छातीवर हात ठेवून कोण सांगणार? मग मास्तरांनी चौकशी समितीपुढे हा फोटो ठेवला. मागे त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी: 'संचलनाचा प्रारंभ. सकाळी नऊ.' संपलं. व्हॉल्व्हमन खोटारडा ठरला, नोकरी गेली, आणि गरोदर बायकोला घेऊन तो गाव सोडून गेला.

सिस्टर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी मास्तरांच्या गोळ्या वाटीत काढत होती. हात स्थिर होते. चेहरा मात्र नव्हता.

"ब्लेड तुझ्या पिशवीत सापडलं म्हणे," मी म्हटलं.

"ड्रेसिंगचं आहे. वर्षभर त्याच पिशवीत आहे. आजच सगळ्यांना दिसलं."

"या घरात मुद्दाम आलीस?"

"नाही हो. नर्स पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलं. पहिल्या दिवशी खोलीत शिरले, भिंतीवर फोटो बघितला. निघून जाणार होते. पण आजोबांनी पाणी मागितलं." तिने वाटी खाली ठेवली. "वर्षभर मनात ठेवलं. परवा राहवलं नाही, सांगून टाकलं. वाटलं होतं, लपवणं वाईट, सांगणं बरं. बघा आता."

"चारला दादा चौकीत जाणार."

"माहितीय. पोलिसांत नाव गेलं की ब्युरोवाले कार्ड फाडतात. मग मला कुठल्या घरात उभं करतील? आजारी माणसाजवळ नासधूस करणारी बाई कोण ठेवेल?" तिने पाण्याचा पेला भरला. "माझ्या बाबांना एका फोटोने देशोधडीला लावलं. आता मलाही तोच फोटो."

"काल मास्तरांजवळून उठून कधी बाहेर गेलीस?"

"एक ते दोन जेवायला जाते, रोजची. तेव्हा आजी, म्हणजे तुमच्या काकू, बसतात त्यांच्याजवळ."

मी जायला वळले, तर तिने माझा दंड धरला. "मी कशाला कापू तो, तुम्हीच सांगा. मला तो अख्खा हवा होता. रोज बघायचे मी त्याच्याकडे, डोळे फुटेपर्यंत. बाबा जाताना म्हणाले होते, त्या फोटोत कुठेतरी खोट आहे. मला ती सापडत नव्हती. आणि ज्याला सापडली, त्यानेच कापून नेली."

३

बाहेरच्या खोलीत साहेब येऊन बसले होते. दोन दिवस लेकाकडे होते, सकाळच्या गाडीने उतरले ते थेट इकडे. उद्याच्या प्रदर्शनाची फीत त्यांच्याच हस्ते कापायची होती. हातात भाषणाचा कागद. मला बघून म्हणाले, "ये ये, चौकट! काय एवढा बाऊ करताय सगळे? कडेचे चार भोंगेवाले गेले तर गेले. आपला भाग शाबूत आहे ना? तसाच लावा. इतक्या लांबून मी ओळखू येतो, बघ."

खरंच येत होते. वरची पायरी, उंच केलेला हात, हातात टोपी, आणि चेहऱ्यावर भिंग धरलं तर मिशीसुद्धा दिसत होती.

"काका, असं कसं बोलता?" मैत्रीण चिडली. "आमची लहानपणची एकच तर आठवण आहे ती. मी तेव्हा सहा वर्षांची. चौकातल्या औषधाच्या दुकानाच्या गच्चीवर मला बसवलं होतं. चौकट, तुला सांगितलंय का मी, बाबांची फजिती?"

पंचवीसदा सांगितली होती. पण मी नाही म्हटलं. सांगणाऱ्याला सव्विसाव्या वेळी काय आठवेल, नेम नसतो.

"मैदानात एक फेरी मारून बँड निघायचा, चौकापर्यंत जायचा, परत यायचा आणि मैदानात पुन्हा एक फेरी. असं ठरलं होतं. पण चौकात माणसं इतकी, की मुंगीला वाट नाही. बँडला वळायला जागाच उरली नाही. मग बाबांनी काय करावं? शिट्टी मारली आणि सगळ्यांना उभ्या जागी पाठमोरं फिरवलं! आणि स्वतः पुढून मागे, टोपी धरून, रांगांच्या मधून असे पळाले, असे पळाले! मी वरून टाळ्या पिटत होते. आई अजून हसते."

साहेब हसले नाहीत. भाषणाच्या कागदावर काहीतरी खोडत राहिले.

मला मात्र एक गोष्ट डाचत होती. माणूस रागाने फोटो कापतो तेव्हा चेहरा कापतो. माझ्या दुकानात सासूचा, सवतीचा, भावाचा चेहरा उडवलेले फोटो येतात. लोक म्हणतात उंदराने खाल्ला, आणि मी मान डोलावते. सिस्टरला सूड घ्यायचा असता तर वरच्या पायरीवरची ती टोपी पहिली गेली असती. इथे ज्याचा राग यायचा तो सुखरूप, आणि ज्यांचं कुणाशी काही देणंघेणं नाही ते चौघे गायब. म्हणजे कापणाऱ्याला साहेब फोटोत हवे होते. शेवटची रांग तेवढी नको होती.

"साहेब, शेवटच्या रांगेतले कोण होते, आठवतंय?"

"अगं, मला त्या पिपाण्यांमधलं काय कळतंय! आमच्या मास्तरांचं खातं ते." ते सहज म्हणाले, आणि मला वाटतं खरंच म्हणाले.

काल ते गावात नव्हते. रांगेत काय होतं तेही त्यांना ठाऊक नव्हतं. माझा सगळ्यात आवडता संशयित असा हातातून निसटला, तेव्हा घड्याळात बारा वाजून गेले होते.

४

मग मी जे मला येतं ते केलं. जेवणाच्या टेबलावर चादर पसरली आणि चौकट उघडली.

खिळे काढताना सांभाळलेलं होतं, एकही वाकला नव्हता. फोटो बाहेर काढून कापलेल्या कडेवर भिंग धरलं. ब्लेड पट्टीला लावून ओढलं की कड एकसारखी येते आणि जराशी खाली दबते. ही दबली नव्हती. आणि दोन ठिकाणी, एकेक वीत अंतरावर, केसाएवढी पायरी होती. कात्री एकदा मिटते, पुढे सरकते आणि पुन्हा उघडते, तिथे पडते तशी. कात्रीचा एक घास एवढा लांब? घरातली कागद कापायची कात्री नव्हती ती.

सिस्टरचं ब्लेड बाद. मी तसं दादाला सांगितलं. "म्हणजे तिने कात्री वापरली," तो म्हणाला. एकदा निकाल लिहिला की मुख्याध्यापक खोडत नाहीत.

कडेला लागून, शेवटी उरलेल्या वाजवणाऱ्याच्या खांद्याशी, एक बारीक चकचकीत रेघ होती. ओरखडा असेल म्हणून बोट फिरवलं. ओरखडा नव्हता, फोटोतच होती. ती काय आहे ते कळेना. मग फोटो उलटा केला.

मागच्या बाजूला, कडेच्या अगदी लगत, निळसर रेघ पुसटशी उरली होती. पेन्सिल नव्हे. बोट लावलं तर बोटाला आली. कापायच्या आधी आखून घेतलं होतं. मी आखते ते पेन्सिलीने. इंजिनिअरही पेन्सिलीने आखेल, मुख्याध्यापकही. कापायच्या वस्तूवर न बघता, सवयीने, निळ्या खडूने रेघ कोण मारतं?

आतल्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं. सकाळपासूनच चालू होतं, इतकं की कान विटले होते. काकू उद्यासाठी बँडच्या नव्या गणवेशांच्या बाह्या शिवत होत्या. पन्नास वर्षं बँडचे कपडे त्यांनीच शिवलेले.

मी दार लोटलं. त्यांनी यंत्र थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे. मांडीवर हातभर लांब कात्री होती.

"दार लाव," काकू म्हणाल्या. "मीच कापलाय."

५

"यांनी सांगितलं," त्या म्हणाल्या. आवाजात लाज नव्हती, थकवा होता. "काल दुपारी. म्हणाले, शेवटच्या रांगेतल्या एकाचं पाऊल चुकलंय. इतकी वर्षं घरात होता तोवर ठीक. पण उद्या दरवाजाएवढा करून लावणार, जुनेजाणते बँडवाले गावोगावहून येणार, बँडची शोभा होईल. एवढी रांग काढून टाक आणि कुणाला बोलू नकोस. तुला माहितीय ना, एक बटण उघडं दिसलं तर जेवायचे नाहीत हे. मी कापली."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत? सगळे त्या बिचारीवर..."

"बिचारी?" त्यांनी कात्री यंत्रावर आपटली. "तिच्या बापाने माझा भाऊ बुडवला. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, माझ्या कडेवर वाढला. आणि त्या माणसाची मुलगी वर्षभर माझ्या घरात, माझ्या हातचं पाणी पीत होती! जाऊ दे तिला. पोलीस नेतात तर नेऊ दे."

"काकू, ज्याने गुन्हा केला नाही..."

"तू बाहेर जाऊन सांगितलंस तर मी नाही म्हणेन. कुणावर विश्वास ठेवतील? बघ मग."

"पट्टी जाळलीत?"

त्यांचे डोळे क्षणभर कपाटाकडे गेले. जन्मात चिंधी न फेकलेली बाई ती, फोटोची पट्टी कशी जाळेल? पण किल्ली त्यांच्या कमरेला होती.

मी पायरीवर येऊन बसले. पावणेतीन. खून पाडणाऱ्याला तोंड द्यावं, पण जिचं दुःख खरं आहे तिच्याशी भांडायचं कसं? आणि मास्तरांचं कारण मला पटत नव्हतं. चुकलेलं पाऊल त्यांनी अडतीस वर्षं पलंगासमोर टांगून ठेवलं असतं? बटणासाठी उपाशी राहणाऱ्या माणसाने?

समोरच्या रस्त्यावर उद्याची तालीम चालू होती. बँड येत होता, चार-चारच्या रांगा. पहिल्या रांगेत चौघे, लांब दांडा पुढे-मागे सरकवून वाजवायचं ते पितळी वाद्य घेऊन. ट्रॉम्बोन. दांडा बाहेर गेला की उन्हात लखकन चमकायचा. मी बघत राहिले. फोटोतली ती चकचकीत रेघही अशीच होती.

बँड विसाव्याला थांबला तशी मी पहिल्या रांगेतल्या एका ढेरपोट्या बाबाला गाठलं. "तुम्ही नेहमी पुढेच का?"

"मग कुठे? मागे उभं केलंत तर पुढच्याच्या पाठीत दांडा नाही का बसणार?" तो हसला. "ट्रॉम्बोन पहिल्या रांगेत. हा मास्तरांनीच घालून दिलेला नियम. आयुष्यात एकदाच मोडला म्हणतात. माझे वडील होते तेव्हा. चौकात जागा नव्हती म्हणून सगळा बँड उभ्या जागी फिरवला आणि हे गेले शेवटच्या रांगेत. वडील सांगायचे, परत येईपर्यंत पुढच्या कॉर्नेटवाल्याने इतक्या शिव्या दिल्या!"

मी धावतच वर गेले.

६

चार वाजायला दहा मिनिटं असताना सगळे मास्तरांच्या खोलीत होते. मास्तर उशांना टेकून. साहेब खिडकीशी. दादा बूट घालून. मैत्रीण रडवेली. सिस्टर कोपऱ्यात, पिशवी भरून तयार. काकू दारात उभ्या होत्या, आतही नाही, बाहेरही नाही.

"दादा, कुणी कापला ते मी सांगणार नाही," मी सुरुवात केली. "का कापला ते सांगते. मग कुणी ते ज्याचं तो सांगेल."

फोटो मी मास्तरांच्या पायाशी पलंगावर ठेवला. "मास्तर, ट्रॉम्बोन कुठल्या रांगेत चालतात?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताची बोटं चादरीत रुतली.

"पहिल्या. तुमचाच नियम. या फोटोत पहिल्या रांगेत काय आहे? क्लॅरिनेट. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रांगेतही ट्रॉम्बोन नाहीत. मग गेले कुठे? इथे बघा, कापलेल्या कडेला, या माणसाच्या खांद्याशी ही चकचकीत रेघ. हे मागून आलेल्या दांड्याचं टोक आहे. ट्रॉम्बोन शेवटच्या रांगेत होते."

"असतील," दादा म्हणाला. "त्याने काय होतं?"

"तुझ्या बहिणीला विचार. बँड कधी उलटा झाला?"

मैत्रिणीचा हात तोंडावर गेला. "चौकात," ती हळूच म्हणाली. "पण चौकात तर... निघाल्यावर गेले होते. म्हणजे हा फोटो..."

"परतीचा आहे. सुरुवातीचा नाही. मैदानातली शेवटची फेरी. सकाळचे नऊ नव्हते ते, साडेदहा तरी झाले असणार. आणि साडेदहाला पायरीवर टोपी हलवणारा माणूस सव्वानऊला कुठेही असू शकतो. टेकडीवरसुद्धा."

सिस्टरच्या हातातून पिशवी पडली.

"वा!" साहेब म्हणाले. आवाज चढला होता. "अर्धा फोटो आणि एक ओरखडा! एवढ्यावर तू माझ्यावर..." ते मास्तरांकडे वळले. "अरे, तू तरी बोल की! फोटो प्रारंभाचा आहे ना? तू स्वतः समितीला सांगितलंस!"

मास्तर भिंतीकडे बघत राहिले.

"ओरखडा आहे, खरं आहे," मी म्हटलं. "पुरावा कापलेल्या पट्टीत आहे, आणि ती माझ्याजवळ नाही. ती असती तर चार ट्रॉम्बोन सगळ्यांना दिसले असते. नाही म्हटलं, तर सिस्टर चौकीत जाईल आणि उद्या साहेब फीत कापतील. तिच्या वडिलांनी मरेपर्यंत एकच सांगितलं, की साहेब आले आणि उघड म्हणाले. ते खरं होतं की खोटं, एवढंच त्या पट्टीत आहे."

मी दाराकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळं संपलं असतं. रस्त्यावर तालीम पुन्हा सुरू झाली होती. मग काकूंची पावलं शिवणाच्या खोलीत गेल्याचं ऐकू आलं. कपाटाचं दार करकरलं. दादाने घड्याळ पाहिलं.

काकू आल्या त्या सरळ पलंगापाशी. कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली पट्टी उलगडली आणि फोटोच्या कडेला लावली, बाहीचा जोड बसवतात तशी, अचूक. चार माणसं. चार दांडे. एकाचा दांडा पुढच्याच्या पाठीला लागलेला. पाऊल कुणाचंच चुकलं नव्हतं.

"पाऊल कुणाचं चुकलंय हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

मास्तरांचे ओठ हलले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा, त्या दिवशी जास्तच लागला. "परतीचा... आहे."

साहेब स्टुलावर बसले. भाषणाचा कागद खाली पडला. "पाहुणे अकराला येणार होते," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "नळ उघडला आणि पाणी आलं नाही तर? म्हणून एकदा भरून बघायचं होतं. तो खाली उतरला असेल असं वाटलं मला. हाक मारायला हवी होती. नाही मारली. घाई होती. वहिनी, मी मुद्दाम नाही..."

"आणि त्या व्हॉल्व्हमनला खोटं पाडलंत ते? तेही घाईतच?" काकूंनी विचारलं.

साहेब खाली पडलेला कागद उचलायला वाकले.

काकू मास्तरांकडे वळल्या. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज या खोलीबाहेर कधी गेला नव्हता. तो तेव्हाही गेला नाही. "तुम्हाला माहीत होतं. रोज रात्री या फोटोखाली निजत होता. मी रडायचे तेव्हा पाठीवरून हात फिरवायचात. आणि काल माझ्याच हाताने कापायला लावलंत."

"माझा... भाऊ होता तो," मास्तर म्हणाले.

"आणि तो माझा कोण होता?"

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला सवयीने सिस्टर पुढे झाली. काकूंनी तिचा हात मध्येच धरला.

"तुझी आई आहे?"

"आहे," सिस्टर म्हणाली. "तालुक्याला. बसने दीड तास."

"दादा, चौकीत तू जा," काकू म्हणाल्या. "काकांना घेऊन. जे झालं ते सगळं सांग, फोटो मी कापला तेही सांग." मग पुन्हा सिस्टरला: "चल. तुझ्या आईकडे जाऊ. तिला हे माझ्या तोंडून ऐकू दे."

सिस्टर घाबरली. "आजी, ती तुम्हाला घरात नाही घ्यायची. तुमच्या घराचं नाव काढलं तरी ताट सोडून उठते ती."

"नको घेऊ दे," काकू म्हणाल्या. "मी दारात उभी राहून सांगेन."

त्यांनी फोटो आणि पट्टी एका उशीच्या अभ्र्यात घातली, यंत्रापाशी ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या आणि सिस्टरच्या आधीच जिना उतरायला लागल्या.